जुन्या कॉम्प्युटरवर जीयूआय टूलकिट चालवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे, नंदुरबार या पट्ट्यात जिनिंगमधे, दाल मिलमधे, केळीच्या वजनकाट्यावर आणि मार्केट यार्डातल्या आडत दुकानांत जे जुने कॉम्प्युटर अजून रोज सकाळी चालू होतात त्यांच्यासाठी मी सॉफ्टवेअर लिहितो आणि सांभाळतो. नवीन पोरं या कामात आली की तेच तेच विचारतात, फोनवर अर्धा तास जातो, म्हणून एकदाचं सगळं इथे लिहून ठेवतोय.

टूलकिट म्हणजे नक्की काय हो?

स्क्रीनवर जी खिडकी दिसते, तिच्यातली बटणं, मजकूर टाईप करायची चौकट, यादी, मेनू, हे सगळं आपण स्वतः रेषा काढून बनवत नाही, त्यासाठी तयार लायब्ररी असते, तिला टूलकिट म्हणायचं, आणि खिडकी-बटणांच्या या दिसणाऱ्या भागाला जीयूआय. क्यूटी, जीटीके, डब्ल्यूएक्सविजेट्स, एफएलटीके, टीके ही नावं आपल्या कामात सारखी येतात. पास्कल भाषेत लिहायचं लाझरस वापरत असाल तर त्याचं टूलकिट एलसीएल. आपला प्रोग्राम टूलकिटशी बोलतो, टूलकिट ऑपरेटिंग सिस्टीमशी बोलतं, आणि खालची सिस्टीम जुनी असली की भांडण नेमकं त्या मधल्या जागी होतं.

मालकाला नवीन कॉम्प्युटर घ्यायला सांगा की, एवढा त्रास कशाला?

हा प्रश्न शहरातून आलेला माणूस हमखास विचारतो. काट्यावरचा कॉम्प्युटर एकटा नसतो, त्याला वजनाचा इंडिकेटर सीरियल पोर्टने जोडलेला असतो, डॉट मॅट्रिक्स प्रिंटर समांतर पोर्टवर असतो, काही ठिकाणी आत एखादं कार्ड बसवलेलं असतं ज्याचा ड्रायव्हर (ते कार्ड चालवणारा प्रोग्राम) फक्त विंडोज एक्सपीचाच मिळतो, आणि ही सगळी साखळी १५-१५ वर्षं न कुरकुरता चाललेली असते. कापसाच्या सीझनमधे गेटवर गाड्यांची रांग लागलेली असताना ती साखळी तोडायला कोणी तयार होत नाही आणि माझ्या मते तो निर्णय बरोबर असतो. मशीन चांगलं असेल तर सॉफ्टवेअरने त्याच्याशी जुळवून घ्यायचं. मदरबोर्डवरचे कपॅसिटर फुगलेत किंवा डिस्क कुरकुर आवाज करतेय असं असेल तर मात्र मी स्वतःच सांगतो की दादा आता बदला, आधी डाटा काढून घेऊ.

कुठलं टूलकिट कुठल्या विंडोजपर्यंत चालतं?

आपल्याकडे तीनच सिस्टीम जास्त दिसतात, एक्सपी, सेव्हन आणि टेन. एक्सपीचा मायक्रोसॉफ्टचा सपोर्ट ८ एप्रिल २०१४ ला संपला, सेव्हनचा १४ जानेवारी २०२० ला आणि टेनचा १४ ऑक्टोबर २०२५ ला, म्हणजे आता टेनसुद्धा याच प्रश्नात आलं.

क्यूटीचं बघायचं तर एक्सपी आणि व्हिस्टावर चालणारी शेवटची शाखा ५.६, ती मार्च २०१६ ला आली. ५.७ पासून एक्सपी बंद. सेव्हनसाठी ५.१५ पर्यंत जाता येतं, आणि डिसेंबर २०२० मधे क्यूटी ६ आलं त्याला टेनच लागतं. बरेच जण चुकतात ते इथे, नेटवरून सगळ्यात नवीन क्यूटी उतरवतात, महिनाभर कोड लिहितात आणि मग चोपड्याला की शहाद्याला जाऊन मशीनवर टाकतात तर ते उघडतच नाही. आधी मशीन बघा मग टूलकिट निवडा. सगळ्यात जुनं मशीन जे आहे तेच तुमची आवृत्ती ठरवतं, बाकी कोणी नाही.

डब्ल्यूएक्सविजेट्स हा माझा या कामातला आवडता पर्याय आहे. १९९२ पासून चालू आहे, एडिंबरा विद्यापीठातून निघालेलं, आणि ३.२ शाखा २०२२ मधे येऊनही एक्सपीवर चालते. ते विंडोजची स्वतःचीच बटणं वापरतं त्यामुळे एक्सपीवर एक्सपीसारखं दिसतं, टेनवर टेनसारखं, आणि हलकंही असतं. एफएलटीके १.३ तर अजून हलकं, एकच ईएक्सई (चालवायची प्रोग्राम फाईल), बाजूला कुठल्या डीएलएल (प्रोग्रामला लागणाऱ्या लायब्ररी फाईल) नाहीत, पेन ड्राइव्हवर घेऊन जा आणि चालवा, पण मराठीच्या बाबतीत त्याला मर्यादा आहेत त्या खाली लिहितो.

जीटीके मुळात जिंप या चित्रांच्या प्रोग्रामसाठी जन्माला आलं आणि त्याचं खरं घर लिनक्स. जीटीके २ एक्सपीवर चालतं, जीटीके ४ तिथे विसरा.

पायथनवाल्यांसाठी वेगळं सांगतो कारण इथे टूलकिटच्या आधी पायथनच अडतं. एक्सपीवर शेवटचा पायथन ३.४, सेव्हनवर ३.८. म्हणजे टीकिंटरमधे (पायथनमधून टीके वापरून) लिहिलं तरी आधी ही भिंत लागते.

"एंट्री पॉइंट नॉट फाउंड" असा मेसेज येतो, कर्नल३२ चं नाव दाखवतो. डीएलएल उतरवून टाकू का?

नाही! कर्नल३२ ही विंडोजची स्वतःची डीएलएल आहे, ती कुठल्या तरी साईटवरून उतरवून सिस्टीम फोल्डरमधे टाकू नका, मशीन चालू व्हायचं बंद होईल. हा मेसेज सांगतो की तुमच्या प्रोग्रामने किंवा टूलकिटने असं एक फंक्शन मागितलं जे या विंडोजमधे नाहीच. उदाहरण म्हणजे गेटटिककाउंट६४, ते व्हिस्टापासून आलं, एक्सपीत नाही. उपाय म्हणजे टूलकिटची जुनी शाखा घ्या आणि कंपायलरला (कोडमधून ईएक्सई बनवणाऱ्या प्रोग्रामला) सांगा की किमान विंडोज एक्सपी आहे. व्हिज्युअल स्टुडिओत २०१७ च्या आवृत्तीपर्यंत एक्सपीसाठीचा वेगळा टूलसेट मिळतो, तोच निवडायचा.

"नॉट अ व्हॅलिड विन३२ ॲप्लिकेशन" हा वेगळा आजार. एकतर ईएक्सई ६४ बिटची आहे आणि मशीन ३२ बिटचं, नाहीतर लिंकरने (ईएक्सईचे तुकडे जोडणाऱ्या प्रोग्रामने) सबसिस्टीमची, म्हणजे किमान कुठलं विंडोज लागेल त्याची, आवृत्ती ६ लिहिलीय, एक्सपीला ५.०१ लागते.

आणि काहीही मेसेज न येता प्रोग्राम लगेच मरतो असं पेंटियम ३ किंवा ॲथलॉन एक्सपीवर झालं तर एसएसई२ (प्रोसेसरच्या जादा सूचनांचा एक संच) बघा. त्या प्रोसेसरमधे एसएसई२ नाही, आणि व्हिज्युअल स्टुडिओ २०१२ पासून कंपायलर ते आहे असं धरूनच चालतो. सेटिंगमधे बंद करता येतं, पण टूलकिटसुद्धा तसंच बंद करून परत बांधावं (म्हणजे कंपाईल करावं) लागतं, फक्त आपला कोड बांधून भागत नाही.

खिडकी उघडते, पण मराठी अक्षरं तुटलेली किंवा चौकोन दिसतात. काय करू?

या प्रश्नासाठीच खरं तर हे सगळं लिहायला बसलो.

अमळनेरकडच्या एका जिनिंगमधे मी नवीन प्रोग्राम टाकला, खिडकी उघडली, वजन आलं, मी खुश. काट्यावर बसणारा पोरगा म्हणाला, "भाऊ, खिडकी उघडस पन नाव बराबर दिसत नही." बघितलं तर "श्रीकृष्ण" मधला श्र सुटून श, हलंत आणि र असे वेगवेगळे पडलेले, "पाटील" मधली टी ची मात्रा बरोबर पण "हिरालाल" मधली पहिली वेलांटी ह च्या नंतर जाऊन बसलेली. समोर एक म्हातारे बाबा कापूस घेऊन आलेले, त्यांनी पावती डोळ्याजवळ नेली, परत लांब धरली आणि विचारलं हे माझंच नाव आहे का. त्या पावतीवर त्यांचे पैसे ठरणार होते. तेव्हापासून माझ्यासाठी "चाललं" याचा अर्थ एकच, नाव नीट उमटलं तर चाललं.

आता कारण समजून घ्या. युनिकोडमधे (सगळ्या लिपींची अक्षरं साठवायची आजची पद्धत) आपण "हि" लिहितो तेव्हा साठवताना आधी ह आणि मग वेलांटी असते, दाखवताना वेलांटी आधी काढावी लागते. जोडाक्षरांचं तसंच, रफाराचं तसंच. हे मांडणीचं काम करणारा एक वेगळा भाग असतो. विंडोजमधे जुन्या काळापासून युनिस्क्राइब, आणि आता बऱ्याच टूलकिटमधे हार्फबझ. हा भाग नसला किंवा झोपलेला असला की अक्षरं तुटतात.

एक्सपीवर युनिस्क्राइब असतं पण भारतीय लिपींसाठी ते बहुतेक मशीनवर चालूच केलेलं नसतं. कंट्रोल पॅनेलमधे रीजनल अँड लँग्वेज ऑप्शन्स, तिथे लँग्वेजेस टॅब, तिथे कॉम्प्लेक्स स्क्रिप्टच्या फाईल टाकण्याची खूण आहे ती करायची. मग ते एक्सपीची सीडी मागतं, आय३८६ फोल्डर. सीडी मालकाकडे नसते, म्हणून ते फोल्डर माझ्या पेन ड्राइव्हवर कायम असतं. यानेच मंगल फाँटही येतो. रीस्टार्ट करा. डब्ल्यूएक्सविजेट्स आणि विंडोजवरचं टीके हे विंडोजकडूनच अक्षरं काढून घेतात, त्यामुळे एवढ्याने दोन्ही सुधारतात.

क्यूटी ५ ची गोष्ट वेगळी, ते हार्फबझ स्वतःसोबतच घेऊन येतं, फक्त देवनागरी फाँट मिळाला पाहिजे. लोहित किंवा नोटो सारखा मोकळ्या परवान्याचा फाँट प्रोग्रामच्या फोल्डरमधे ठेवा आणि प्रोग्राम सुरू होताना तिथूनच लोड करा, मशीनवर काय आहे काय नाही याची काळजीच नको.

इथे एक बारीक काटा आहे जो मला फार उशिरा कळला. देवनागरी फाँटच्या आत मांडणीचे नियम दोन नावांखाली असू शकतात, जुनं डीईव्हीए आणि व्हिस्टाबरोबर आलेलं डीईव्ही२. एक्सपीचं युनिस्क्राइब फक्त जुनं ओळखतं. फाँटमधे नुसतं नवीनच असेल तर तोच फाँट टेनवर सुंदर आणि एक्सपीवर तुटलेला दिसतो, आणि आपण कोडमधे चूक शोधत बसतो. फाँट बदलून बघा आधी.

लिनक्सवर एफएलटीके १.३ आणि टीके ८.६ हे दोन्ही देवनागरीची मांडणी करत नाहीत, तिथे काही सेटिंग शोधत बसू नका. एफएलटीके १.४ नोव्हेंबर २०२४ मधे आलं, त्यात पँगो (अक्षरांची मांडणी करणारी लायब्ररी) जोडून बांधायची सोय आहे, तसं बांधलं की अक्षरं नीट येतात.

तपासायला मी ही नावं वापरतो: श्रीकृष्ण, ज्ञानेश्वर, हिरालाल, दुर्गाबाई, त्र्यंबक, लक्ष्मीबाई, आणि "शेतकऱ्याचे". शेवटच्या शब्दातला ऱ्य मुद्दाम ठेवलाय, कारण तो दोन पद्धतीने साठवता येतो, एकतर नुक्त्याचा ऱ आणि हलंत, नाहीतर साधा र, हलंत आणि न दिसणारा जोडक. दिसायला सारखेच. पण शोधताना प्रोग्रामला ते दोन वेगळे शब्द वाटतात आणि जुना खातेदार सापडत नाही, त्यामुळे साठवायच्या आधीच सगळं एका पद्धतीवर आणा.

पण जुना प्रोग्राम त्याच मशीनवर मराठी नीट दाखवत होता! मग नवीन का नाही?

कारण जुन्यामधे युनिकोड नव्हतंच. त्या काळच्या फाँटमधे इंग्रजी अक्षरांच्या जागेवर मराठी तुकडे बसवलेले असायचे, अर्धा श एका जागी, वेलांटी दुसऱ्या जागी, आणि टाईप करणारा माणूस किंवा कीबोर्डचा प्रोग्रामच ते क्रमाने रचायचा. टूलकिटला लिपीचं काही कळायची गरज नव्हती. म्हणून तो डाटा आज उघडला की इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो. ते युनिकोडमधे बदलायला फाँटप्रमाणे वेगळा तक्ता लागतो, तयार कन्व्हर्टर मिळतात, पण बदलल्यावर पहिली २०० नावं तरी त्या दुकानातल्या जुन्या मुनीमजींना वाचायला द्या. रफार आणि वेलांटी हे दोन हमखास सरकतात, आणि गावातली माणसं ज्याला तोंडपाठ आहेत त्यालाच ते पटकन दिसतं.

रुपयाचं चिन्ह चौकोन दिसतं.

ते चिन्ह २०१० मधे आलं, एक्सपी २००१ चं. "रु." लिहा, सगळ्यांना कळतं.

खिडकी काळी येते किंवा प्रोग्राम फार जड चालतो?

क्यूटी क्विक (क्यूटीचा ॲनिमेशनवाला भाग) वापरलंय का? त्याला ओपनजीएल (ग्राफिक्स कार्डाकडून चित्र काढून घ्यायची पद्धत) २.१ लागतं आणि जुन्या मशीनच्या मदरबोर्डवरचं ग्राफिक्स १.४ वर अडकलेलं असतं. जीटीके ४ चंही झुकाव ग्राफिक्स कार्डाकडेच. सॉफ्टवेअरने चित्र काढायची सोय दोन्हीकडे आहे, क्यूटीबरोबर त्यासाठीची वेगळी डीएलएल येते आणि जीटीकेमधे कैरो नावाचा पर्याय निवडता येतो, पण मग सगळा भार प्रोसेसरवर पडतो. आता विचार करा, मे महिना, जळगावचं ऊन ४५ च्या घरात, काट्याची पत्र्याची केबिन, आणि जिनिंगमधलं मशीन असेल तर पंख्यावर रुईचा थर. मी असा पंखा काढून हातात घेतलाय, पाती दिसतच नव्हती, नुसता पांढरा नमदा झालेला. अशा प्रोसेसरला खिडकी रंगवायला १०० टक्के पळवलं तर तो दुपारी बंद पडणारच.

म्हणून अशा ठिकाणी साधं क्यूटी विजेट्स वापरा, त्याला ओपनजीएल लागतच नाही. ॲनिमेशन नको, सावल्या नको, पारदर्शक काही नको. वजनाचा आकडा मोठा आणि स्पष्ट दिसला म्हणजे झालं, तो ट्रॅक्टरवर बसलेल्या माणसालाही खिडकीतून दिसायला पाहिजे.

वजन येत असताना खिडकी गोठते, "नॉट रिस्पॉन्डिंग" दाखवते.

तुम्ही सीरियल पोर्ट वाचायचं काम आणि खिडकी रंगवायचं काम एकाच धाग्यात (थ्रेडमधे) ठेवलंय. इंडिकेटर सेकंदाला अनेकदा वजन पाठवत असतो, कधी केबल हलली की अर्धवट पाठवतो, आणि तुमचा कोड पूर्ण ओळ येईपर्यंत वाट बघत थांबलेला असतो, तोपर्यंत टूलकिटला बटण दाबलेलं कळतच नाही. क्यूटी ५.१ पासून सीरियलपोर्ट मॉड्युल आहे, ते डाटा आला की सिग्नल देतं, तेच वापरा. डब्ल्यूएक्स, एफएलटीके असेल तर वाचन वेगळ्या थ्रेडमधे घ्या, आणि त्या थ्रेडमधून खिडकीला थेट हात लावू नका, निरोप पाठवा आणि खिडकीचं काम मुख्य थ्रेडलाच करू द्या. हा नियम सगळ्या टूलकिटला सारखा आहे आणि तो मोडला की चूक रोज दिसत नाही, सीझनच्या गर्दीतच दिसते.

सेव्हचं बटण स्क्रीनच्या खाली जातं.

तुमच्या लॅपटॉपवर जागा भरपूर, तिथे १०२४ बाय ७६८, कुठे तर ८०० बाय ६००. पिक्सेल मोजून बटणं ठेवू नका, टूलकिटचा लेआउट वापरा, आणि घरी खिडकी ८०० बाय ६०० एवढीच करून सगळे फॉर्म एकदा उघडून बघा. मराठी ओळीला इंग्रजीपेक्षा उंची जास्त लागते, वर मात्रा खाली उकार, त्यामुळे इंग्रजीत मावलेला फॉर्म मराठीत उतू जातो.

एक्सपी काढून लिनक्स टाकलं तर?

प्रिंटर आणि इंडिकेटर दोन्ही साध्या पोर्टवर असतील तर जरूर. मी काही ठिकाणी टाकलंय आणि मालक समाधानी आहेत. ३२ बिटचं मशीन असेल तर डेबियन १२ घ्या, कारण ऑगस्ट २०२५ च्या डेबियन १३ मधे ३२ बिट पीसीसाठीचा इन्स्टॉलरच नाही. आणि प्रोग्राम स्वतःच्या नवीन लिनक्सवर बांधून तिकडे नेऊ नका, "जीलिबसी अमुक व्हर्जन नॉट फाउंड" म्हणेल, जीलिबसी म्हणजे लिनक्सची मूळ लायब्ररी. जे सगळ्यात जुनं लिनक्स चालवायचंय त्याच्यावरच बांधा, तो नवीनवर चालतो, उलटं चालत नाही.

परवान्याचं काही अडतं का? मी सॉफ्टवेअर विकतो.

क्यूटी एलजीपीएल या मोकळ्या परवान्यात वापरलं तर डीएलएल वेगळ्या ठेवा आणि परवान्याची प्रत सोबत द्या. डब्ल्यूएक्स आणि एफएलटीके एकाच ईएक्सईमधे बांधून विकायला त्यांच्या परवान्यात सूट आहे. एकदा स्वतः वाचून घ्या.

एक्सपीच्या मशीनला नेट जोडू का? मालक म्हणतात रोजचा रिपोर्ट मोबाईलवर पाहिजे.

नका जोडू. रिपोर्टसाठी दुसरं एखादं नवीन मशीन किंवा साधा मोबाईल मधे ठेवा, एक्सपी फक्त फाईल लिहील, दुसरा ती पाठवेल. पेन ड्राइव्ह लावताना ऑटोरन बंद आहे ना बघा, या मशीनमधे आजार बहुतेक तिथूनच शिरतो.

घरी व्हर्च्युअल मशीनवर एक्सपी टाकून तपासलं तर पुरेल ना?

अर्धं काम होतं. फंक्शन सापडतं की नाही, फाँट दिसतो की नाही हे तिथे कळतं. पण व्हर्च्युअल मशीन तुमच्याच नवीन प्रोसेसरवर पळतं, त्यामुळे एसएसई२ चा प्रश्न, ग्राफिक्सचा प्रश्न आणि संथपणा तिथे लपून राहतो. भंगारात निघालेलं एक पेंटियम ३ घरी आणून ठेवा, ५१२ एमबी रॅमचं. माझ्या टेबलाखाली असं एक आहे आणि कुठलीही नवीन आवृत्ती त्याच्यावर पूर्ण दिवस चालल्याशिवाय मी बाहेर देत नाही.

टूलकिटची जुनी आवृत्ती नेटवरून गायब झाली तर?

होते गायब, म्हणून आजच साठवा. टूलकिटचा सोर्स, कंपायलरचा इन्स्टॉलर, तुम्ही बांधताना दिलेले पर्याय लिहिलेली एक फाईल, फाँट, ड्रायव्हर, हे सगळं एका फोल्डरमधे, दोन वेगळ्या डिस्कवर. माझ्याकडे एक काम आलं होतं, आधीच्या माणसाकडे फक्त ईएक्सई राहिली होती, कोड नाही, कशात बांधलं ते माहीत नाही. एका चुकीच्या शब्दासाठी सगळा प्रोग्राम नव्याने लिहावा लागला, दोन महिने गेले आणि मालकाचे पैसेही.

पावतीवर अचानक २००२ सालची तारीख आली, ही टूलकिटची चूक का?

नाही, मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपलाय. लाईट गेली की घड्याळ मागे जातं, आणि आपल्याकडे लाईट जातेच. सेल बदला, कुठल्याही घड्याळाच्या दुकानात मिळतो. पण प्रोग्राममधेही सोय करा: सुरू होताना मशीनची तारीख शेवटच्या पावतीच्या तारखेशी ताडून बघायची, मागे असेल तर मोठ्या अक्षरात मराठीत सांगायचं "तारीख चुकली आहे, आधी दुरुस्त करा" आणि तोपर्यंत छपाईचं बटण बंद ठेवायचं. पिंपळनेरकडून एकदा रात्री साडेनऊला फोन आला होता की बटणच दाबलं जात नाही, मी विचारलं वर काय लिहिलंय वाच, त्याने वाचलं, तारीख बदलली, आणि लगेच मागून प्रिंटरचा आवाज ऐकू आला.